बुडालेल्या शिवेचा साक्षीदार

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली वाट आहे. ती इंदापूरच्या गढीपाशी सुरू होते. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत कसे पडले ते सांगते, बारामतीत बाबूजी नाइकांच्या वाड्यात शिरते, मोरोपंतांच्या आर्यांपुढे हात जोडते, नीरा नरसिंहपूरच्या संगमावर स्नान करते आणि मग दीडएक शतक ओलांडून थेट साखर कारखान्याच्या धुराड्याखाली येऊन उभी राहते. या वाटेवर राजा आहे, पंडित आहे, देव आहे आणि कारखानदारही आहे. नाही तो फक्त ही वाट झाडणारा माणूस.

मी या भागातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पदवीपर्यंत पोचलेला मी आमच्या घरातला पहिला. समोर बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांच्या घरी सातबाराचा उतारा नाही. त्यांना मी कोणता इतिहास शिकवायचा? वर सांगितलेला इतिहास खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो अपुरा आहे, आणि हा अपुरेपणा योगायोगाचा नाही. या प्रदेशात जमिनीचा कागद जन्माला आला, या प्रदेशात तो जाळला गेला, या प्रदेशात त्याच्या आधारे पाणी वाटले गेले आणि या प्रदेशात अखेर ती जमीनच पाण्याखाली गेली. प्रत्येक वेळी ज्याचे नाव कागदावर होते त्याचीच गणना झाली. ज्याच्या साक्षीवर तो कागद उभा राहिला, तो मात्र दर वेळी बाहेर राहिला. हे विधान मला या लेखात तपासून पाहायचे आहे.

१

आधी भूगोल पाहू. इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपुरापाशी या दोघी एकत्र येतात. भीमेपलीकडे करमाळा आणि माढा, नीरेपलीकडे माळशिरस. पश्चिमेला बारामती. तिथे कऱ्हा नदी पुरंदरकडून मोरगावमार्गे उतरते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. नद्या अशा चहूबाजूंनी, परंतु पाऊस मात्र नाही. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि इकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही भरवशाचा नाही. नदीकाठी काळी जमीन, माथ्यावर मुरमाड माळ. काळ्या जमिनीत शाळू, माळावर बाजरी, आणि बाजरीही न आल्यास स्थलांतर, असा इथला जुना क्रम.

अशा प्रदेशात जमीन कोणाची यापेक्षा पाणी कोणाचे हा प्रश्न मोठा असतो. पण पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीवरून ठरत आला असल्यामुळे दोन्ही प्रश्न अखेर एकच होतात. म्हणून जमिनीच्या कागदापासूनच आरंभ केला पाहिजे.

२

पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात जमिनीची पहिली मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून करवून घेतली. तिच्यातला सारा इतका जड निघाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी केली. तिची सुरुवात इंदापूर तालुक्यापासून झाली, आणि १८३६ पासून तीस वर्षांची सारा आकारणी इथे लागू झाली. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात जी रयतवारी मोजणी पसरली तिचा पहिला धडा इंदापूरच्या मातीत गिरवला गेला. तेहतीस फुटांची साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, मातीची प्रत आण्यांत, प्रत्येक शेताला नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे सारा भरणाऱ्याचे नाव. आजच्या सातबाराचे हे मूळ होय.

आता प्रश्न असा की साहेबाला गावाची शीव दाखवली कोणी? तो साखळी घेऊन उभा राहिला तेव्हा या ओढ्याच्या अलीकडे आपले गाव आणि पलीकडे दुसरे, हा दगड खरा आणि तो सरकवलेला, हे त्याला कोणी सांगितले?

महाराने. गावगाड्यात शिवेची राखण हे महाराचे काम होते. दोन गावांत सीमेचा तंटा झाला की महाराची साक्ष घेतली जाई आणि ती प्रमाण मानली जाई. येसकर म्हणून वेस राखायची, राबता म्हणून सरकारी कामाला धावायचे, सारा भरायला निघालेल्या पाटलाबरोबर पैशाचे ओझे वाहायचे, आल्यागेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढायचे. आणि गावाच्या इंचन् इंच भूमीचे ज्ञान डोक्यात बाळगायचे. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो असे गाव म्हणे, त्याच्या शब्दाचा विटाळ मात्र शिवेच्या तंट्यात कोणाला होत नसे! आपल्या समाजव्यवस्थेचे ढोंग समजून घ्यायला ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

हे ज्ञान नकाशात उतरले. ज्याने ते दिले त्याचे नाव शेताच्या नंबरापुढे आले नाही. त्याच्याकडे वतन होते. वतन म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा. आमच्याकडे त्याला हाडकी-हाडोळा म्हणतात. तो एका माणसाचा नव्हे, सगळ्या महारवाड्याचा. पिढीगणिक वाटे पडत जाणारा, सेवा थांबली तर हिरावला जाणारा. जमिनीच्या या तुकड्याने माणसाला पोसले कमी आणि बांधून ठेवले जास्त.

३

कागद झाला म्हणजे तो गहाण पडतो. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे काढून जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. इतिहासात या घटनेला दख्खनचे दंगे म्हणतात. तिचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकाराच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. हा उठाव न्याय्य होता यात शंका नाही. परंतु त्याने मिळवलेले संरक्षण खातेदाराचे होते. ज्याच्या नावावर गहाण टाकायला काहीच नाही, जो सालाने राबतो आणि बलुत्यावर जगतो, त्याच्या गुलामीची नोंद कुठल्या वहीत होती? जी वही कधी लिहिलीच गेली नाही ती जाळणार कशी? आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा करून गावकामगारांच्या सेवेची ती बेडी पक्की केली होती. त्या कायद्याविरुद्ध दंगा झाला नाही.

लगेच १८७६–७७ चा दुष्काळ आला. पुणे जिल्ह्याच्या या पूर्व भागाला त्याने विशेष झोडपले. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालवला तो याच काळात, १८७७ मध्ये. पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी बांध घालून, तळी करून डोंगरमाथ्याचे पाणी आणि माती शेतातच मुरवण्याची योजना मांडली. पाण्याचा विचार कष्टकऱ्याच्या बाजूने करणारा हा आपला पहिला ग्रंथ. सरकारने मात्र मोठा कालवा काढला. भाटघरच्या धरणाच्या आधाराने नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामतीतून इंदापुरापर्यंत गेला. त्याच साली सरकारने पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात महारांची, मांगांची, रामोशांची माहिती ‘लोक’ या प्रकरणात आहे; ती जातीची, पेहरावाची, चालीरीतींची. जमिनीचे प्रकरण वेगळे. आम्ही कोण हे एका ठिकाणी आणि मुलूख कोणाचा हे दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी तेव्हापासून आजच्या पाठ्यपुस्तकापर्यंत चालत आली आहे.

४

कालव्याने बारामतीचा कायापालट केला. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याखाली आले, ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे सुरू झाली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आणि त्याच्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सहकार आला. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. सहकाराने सावकारी मोडली, शाळा काढल्या, रस्ते केले. हे नाकारण्याचे कारण नाही. मी ज्या वर्गात शिकलो तोही या पैशातून बांधलेला होता. पण सभासद व्हायचे तर ऊस हवा, उसाला पाणी हवे, पाण्याला कालव्याखालची जमीन हवी आणि जमिनीला कागदावर नाव हवे. म्हणजे पुन्हा १८३६ चाच नंबर! ज्यांचे नाव नव्हते ते त्याच उसात कोयता घेऊन उतरले. पुढे मराठवाड्यातून आणि नगरकडून टोळ्या आल्या. त्यांच्या खोप्या आजही उसाच्या कडेला पडतात आणि गाळप संपले की उठतात.

ही साखळी तोडण्याचा विचार बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी केला होता. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याची दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनाची जमीन माणसाला गावाचा वेठबिगार करून ठेवते; सेवेच्या जोखडातून सुटून जमिनीचा पूर्ण आकार भरणारा स्वतंत्र शेतकरी होण्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका. विधेयक यशस्वी झाले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या माणसांनी येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले. कायदा त्यांच्या मागून आला. १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की जमीन वतनदाराला परत मिळणार, पण कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही, अशी अट.

तिप्पट आकार म्हणजे आज हसू यावे इतकी रक्कम. पण ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही आणि मुदतीचा कागद वाचणारे कोणी नाही, तिथे ती कोण भरणार? ज्यांनी भरली त्यांच्या जमिनी वाट्यावाट्यांत इतक्या चिरल्या गेल्या होत्या की नांगर वळवायला जागा नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ते याच भुकेपोटी. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांची शेती सरकारकडे आली. इंदापूर तालुक्यातली अशी जमीन शेती महामंडळाकडे गेली. तिथे पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या मजुराला ती मिळेल अशी आशा होती. २०१२ च्या सुमारास ही जमीन परत द्यायची वेळ आली तेव्हा ती खंडकऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी ती कारखान्याला खंडाने दिली होती त्यांना, देण्याचा मार्ग खुला झाला. खंडकऱ्यांवर अन्याय झाला होता हे खरेच. पण ज्याने त्या जमिनीवर घाम गाळला त्याचा करार कुठे होता?

५

आणि आता उजनी. माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, आणि त्यातला सुमारे ६३ अब्ज घनफूट मृत साठा. भिंत सोलापूर जिल्ह्यात, परंतु पाण्याचा फुगवटा इंदापूर आणि दौंडपर्यंत मागे आला. करमाळा आणि कर्जतच्या बाजूलाही चढला. पन्नासहून अधिक गावे उठली. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी प्रथम जिथपर्यंत आली होती त्या डिकसळची जुनी रेल्वेवाटही पाण्यापायी बदलावी लागली.

भीमाकाठचे आमचे गाव या फुगवट्यात गेले. माझे पणजोबा त्या गावचे येसकर होते. आजी सांगे, “आधी हाडकी गेली, मग वाडा गेला, मग गाव. देऊळ तेवढं शेवटपर्यंत दिसत हुतं.” लहानपणी मी हे गोष्टीसारखे ऐकले. इतिहास शिकल्यावर त्यातला भूगोल लक्षात आला. महारवाडा गावाच्या खालच्या अंगाला, उताराला. वरचे सांडपाणी खाली यावे, खालचे वर जाऊ नये, म्हणून केलेली ती रचना. त्यामुळे धरणाचे पाणी जेव्हा चढू लागले तेव्हा ते त्याच क्रमाने आले. शतकानुशतके जातीने जी उतरंड मातीत आखून ठेवली होती, तिचे माप पाण्याने घेतले.

भरपाईही कागदाप्रमाणेच झाली. ज्याची जमीन गेली त्याला जमिनीचे पैसे. ज्याचे घर गेले त्याला घराचे. ज्याचे बलुते गेले, खळ्यावरचा वाटा गेला, पाणंदीची लाकडे गेली, नदीकाठचा चारा गेला, त्याला कसली भरपाई? या गोष्टींना सातबारावर रकाना नाही. बलुते गेले हे बरेच झाले, असे कोणी म्हणेल. मीही म्हणतो. पण गुलामी जाताना भाकरीही जाणार असेल तर त्या जागी दुसरी भाकर देण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मागितले पाहिजे. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. उजनीच्या बांधकामाला तोवर बरीच वर्षे झाली होती. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात अभियंत्याने समान चौकोन आखले, चौकोनांना नंबर दिले. मी पाहिलेल्या गावठाणांत मात्र बौद्धवस्ती पुन्हा एका कडेलाच आहे. गाव हलले, पण गावकूसही माणसांच्या डोक्यातून सामानाबरोबर आले.

जलाशय आज कोणाचा आहे? काठावर ज्यांची जमीन उरली त्यांनी मोटारी टाकून पाणी उचलले आणि ऊस केला. भोई आणि कोळी पाण्यावर जगतात. पुण्या-पिंपरीचे मैलापाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच पाण्यात येते आणि त्याचा पहिला फटका त्यांच्या जाळ्याला बसतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शहरातून माणसे कॅमेरे घेऊन येतात आणि स्थानिक तरुण त्यांना होडीतून फिरवून चार पैसे मिळवतात. पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन सरकार हंगामापुरती कसायला देते. तिच्यावरही पहिला मान ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचा. म्हणजे पाण्याखालचा चिखलसुद्धा जुन्या नंबराप्रमाणे! नदी होती तेव्हा उन्हाळ्यात पायी ओलांडून जाता येत असे त्या सोयऱ्यांच्या गावांत आता होडीने किंवा मोठा वळसा घालून जावे लागते. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. विस्थापन एकदाच होत नाही. ते चालू राहते.

६

त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशय मृत साठ्याच्याही खूप खाली गेला. अशा प्रत्येक दुष्काळात पळसदेवचे जुने दगडी देऊळ पाण्यातून वर येते. वर्तमानपत्रे त्याची छायाचित्रे छापतात, लोक पाहायला जातात, ‘इतिहास उघडा पडला’ असे मथळे येतात. ते शिल्प सुंदर आहे, त्याची जपणूक व्हावी. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. देऊळ दगडाचे होते म्हणून ते वर येते. इनामदाराचा वाडा चिरेबंदी होता म्हणून त्याच्या भिंती वर येतात. महारवाडा, मांगवाडा मातीचा होता. चारसहा पावसाळ्यांतच तो विरघळला असेल. कितीही दुष्काळ पडला तरी तो आता वर येणार नाही. पाणी आटून जो इतिहास दिसतो तो पुन्हा राजाचा, देवाचा आणि वतनदाराचाच!

मग आपला इतिहास कशात आहे? तो माणसांच्या तोंडात आहे. १९७५ च्या सुमारास जी माणसे विशीत होती ती आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. बुडालेल्या गावाची शीव चालत पाहिलेली ही शेवटची पिढी. शिवेचा साक्षीदार म्हणून ज्यांना पिढ्यान् पिढ्या राबवले, त्यांची साक्ष त्यांच्या स्वतःसाठी एकदाही कोणी नोंदवून घेतलेली नाही. पुढच्या दहा वर्षांत ती नोंदली नाही तर ती कायमची गेली असे समजावे.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. आपापल्या भागातल्या पुनर्वसित गावठाणांत जा. विचारा : जुन्या गावात वाडा कोणत्या बाजूला होता? पाणवठा कोणता? हाडकीचे तुकडे कुठे, कोणाकोणाच्या वाट्याचे? तिप्पट आकार कोणी भरला, कोणाला भरता आला नाही? येसकरकी कोणत्या साली आणि कोणी पहिल्यांदा सोडली, आणि गावाने त्याचा सूड कसा घेतला? भरपाईची नोटीस कोणाच्या हाती पडली आणि कोणी वाचून दाखवली? बायकांना वेगळे विचारा. पाण्याची आणि सरपणाची वाट त्यांना जास्त ठाऊक आहे. आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले आहे. एका म्हाताऱ्या बाबांनी वहीच्या पानावर काडीने रेघा मारून बुडालेल्या गावाची संपूर्ण शीव, ओढे, बांध, बाभळींसकट, सांगितली. त्यांना सही करता येत नाही.

१८३६ मध्ये असेच ज्ञान साहेबाने घेतले आणि त्याचा सारा वसूल केला. आज ते आपण आपल्यासाठी घ्यायचे आहे. त्यातून जमिनीच्या हक्काचे काही दावे उभे राहतील, काही राहणारही नाहीत. पण निदान पुढच्या मुलाला इतिहासाच्या तासाला आपले गाव शोधण्यासाठी दुष्काळाची वाट पाहावी लागू नये.